खांद्यावरचा हात

मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता शशिकलेनं माझं बॅकग्राऊंड काढून टाकलं.

शशिकला माझी बायको. तिला टॅबवर रोज काहीतरी नवं सापडतं. सोमवारी फोटोवरून विणकामाचा नमुना काढून देणारी साइट सापडली होती, मंगळवारी ही. फोटो टाकायचा, माणसाभोवती तुटक रेघ फिरते, माणूस राहतो, मागचं जातं.

"तुमचा एक बरा फोटो असावा घरात," ती म्हणाली. कशासाठी, ते मी विचारलं नाही. बार्शीत माझा चाळीस वर्षं स्टुडिओ होता. घरातलं माणूस गेलं की लोक लग्नातला ग्रुप फोटो घेऊन यायचे आणि हार घालायला त्यातला एकच चेहरा वेगळा करून मागायचे. मी ब्लेडनं माणूस कापून आकाशी रंगावर बसवायचो. अडचण एकच. खांद्यावर कुणाचा तरी हात उरायचा. हाताचा मालक कापला जायचा, बोटं राहायची. मग टचिंगचा ब्रश घेऊन मी त्या बोटांवर साडी रंगवायचो.

रेघ माझ्याभोवती फिरली आणि माझ्यामागची भिंत कॅलेंडरासकट गेली. तिथं बारीक पांढरे-करडे चौकोन आले.

"मला टॅबवरची घालवायची होती," शशिकला म्हणाली.

त्यानंतर मी जिथं स्थिर होईन तिथलं मागचं जाऊ लागलं. कपाट गेलं. दुपारी लवंडलो तर गादी गेली. चौकोन मऊ नव्हते, पण तक्रार करावी असेही नव्हते. बुधवारी शेजारचे भोसेकर आले आणि माझ्यामागं उभे राहून माझाच पेपर वाचू लागले. त्यांच्या चपला अजून दारात आहेत. त्यांची बायको विचारायला आली. मी तिच्याकडं तोंड करून म्हटलं, आले होते.

"येतील," ती म्हणाली. "पेपर संपला की येतात."

गुरुवारी मला शिंक आली, मी वळलो आणि क्षणभर थांबलो. शशिकलेच्या पदराचा हातभर तुकडा चौकोनी झाला.

"इरकल होती हो," ती म्हणाली.

तेव्हापासून मी तिच्याकडं पाठ केली नाही. चाळीस वर्षं ती रस्त्यानं माझ्यामागून चालली. आता ती पुढं, मी मागं. शुक्रवारपर्यंत घरात एक कोपरा आणि एक खुर्ची उरली. आम्ही समोरासमोर बसून राहायचो. डोळा लागला तर मी कूस बदलेन, म्हणून ती मला चिमटे काढायची.

साइटला तिनं लिहिलं. उत्तर लगेच आलं. काळजी नसावी, आपला मुख्य माणूस सुरक्षित आहे. बदलायचा असल्यास दोघांचा फोटो पाठवावा, नवा मुख्य माणूस पुढं असावा. मागचं नियमाप्रमाणे जाईल.

आमचा दोघांचा फोटो एकच होता, माझ्याच स्टुडिओतला. त्यात मी खुर्चीत आणि ती मागं उभी. जोडप्याला तसंच बसवायची पद्धत होती. मी हजारभर जोडपी तशी बसवली असतील.

शनिवारी सकाळी मी शशिकलेला खुर्चीत बसवलं.

"आणि तुम्ही?"

"मी मागं उभा राहतो. हनुवटी जरा खाली घे."

"नको हो. मी काढते की अजून चिमटे."

"बोटं सुजलीत तुझी," मी म्हटलं.

टॅब तिच्यासमोर उरलेल्या भिंतीला टेकवला, टायमर लावला आणि मागं जाऊन उभा राहिलो. हात कुठं ठेवावा कळेना. सवयीनं तिच्या खांद्यावर ठेवला.

फोटो निघाला आणि थेट साइटवर गेला. रेघ तिच्या पावलापासून सुटली, तुटक्या पदराला वळसा घालून वर चढू लागली. माझे गुडघे गार पडले, मग गुडघे असल्याचं जाणवेना. रेघ खांद्याशी आली आणि माझ्या बोटांपाशी थांबली. टॅबवर प्रश्न आला.

हा हात हिचाच आहे का?

खाली दोन चौकटी होत्या. हो आणि नाही.

शशिकलेनं एका हातानं माझी बोटं खांद्यावर घट्ट दाबून धरली आणि दुसरा हात टॅबकडं लांब केला. तो बोटभर कमी पडत होता.