गुडघे टेकल्याचा पुरावा

माझं नाव माझ्या पाठीवरच छापलेलं आहे, जाड काळ्या अक्षरांत: निरीक्षक. जो मला अंगात घालतो त्याला ते कधी दिसत नाही, मागून येणाऱ्या-जाणाऱ्यांना मात्र लांबून दिसतं. तर मी निवडणूक-निरीक्षकाचं जाकीट बोलतोय. रंग भडक पोपटी आणि छातीवर दोन चकाकत्या पट्ट्या. माझ्या आयुष्यात मी एकच निवडणूक नीट पाहिली, आमच्या राज्याच्या गव्हर्नरची. ती पाहून झाल्यापासून माझी जीभ कडू आहे. गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

माझा जन्म राजधानीच्या बाजारात काझीम शिंप्याच्या मशीनवर झाला. एकाच ताग्यातून आम्ही सगळे निघालो. निम्म्या भावंडांच्या पाठीवर ‘रस्त्याचे काम चालू’ असं छापलं, निम्म्यांच्या पाठीवर ‘निरीक्षक’. आमची ऑर्डर घेऊन आलेला माणूस सारखा म्हणत होता, शिलाई पक्की करा, शिलाई पक्की करा. काझीम दात कोरत म्हणाला, “साहेब, रस्तावाले हे रोज घालणार. तुम्ही एकच दिवस घालणार. मग एवढा आग्रह पक्क्या शिलाईचा कशाला?”

“लोकशाहीचं काम आहे,” तो माणूस म्हणाला.

“असं होय. मग साधा दोरा लावतो,” काझीम म्हणाला, आणि त्यानं खरंच साधा दोरा लावला. माझी ती भावंडं आज कुठे ना कुठे खड्डे बुजवत असतील. मला त्यांचा हेवा वाटतो.

आम्हाला शिवून घेणारी संस्था म्हणजे जागता नागरिक मंच. तिच्या प्रमुख इबिदुन्नी मॅडम. विद्वान बाई, सोनेरी चष्मा, टीव्हीवर बोलायला लागल्या की मंत्रीसुद्धा आवाज वाढवून ऐकतात. निवडणुकीच्या आधी त्यांनी हॉटेलच्या हॉलमध्ये सगळ्या निरीक्षकांचं प्रशिक्षण घेतलं. समोर फळा, मागे भात आणि कोंबडीचा वास. मॅडम म्हणाल्या, “तुम्ही मंचाचे डोळे आहात, तोंड नाही. भांडायचं नाही, अडवायचं नाही. बघायचं आणि मोबाइलवरून कळवायचं. बाकी आम्ही बघतो.”

त्या हॉलमध्ये मला मोसुन्मोलानं उचललं. सगळे तिला मोसुन म्हणतात. ओडो-आरो गावची, हिशेबशास्त्रात पदवी घेतलेली, नोकरी न मिळाल्यानं बाजारामागे वेण्या घालायचं दुकान चालवणारी. तिचा बाप मागच्या निवडणुकीनंतर वारला. त्याला वर्षभर औषध मिळालं नव्हतं, कारण गावच्या दवाखान्याला कुलूप होतं. ते कुलूप काढू असं वचन देऊन जिंकलेल्या माणसानं त्या कुलपाला नवा रंग दिला. मोसुननं मला अंगात घातलं ते त्या कुलपासाठी. आपण जे पाहू ते कुठेतरी लिहिलं जावं, गावानं मतं कशी दिली ते निदान एकदा खरंखरं जगापुढे यावं, एवढीच तिची इच्छा होती. यात काय मोठं मागितलं, तुम्हीच सांगा.

मतदानाच्या सकाळी पाऊस नुकताच थांबला होता. प्राथमिक शाळेसमोर आंब्याखाली टेबलं मांडली होती, जमीन लाल चिखलानं माखलेली. रांग लांबलचक. त्या रांगेत हसत हसत एकच वाक्य फिरत होतं. आमच्याकडे निवडणूक आली की लहान पोरंही ते म्हणतात: मत दे आणि रस्सा रांध. मताच्या बदल्यात मिळालेल्या पैशांत, हे वेगळं सांगावं लागत नाही.

थोड्या वेळानं चीफ फातुन्बी आले. पांढरा घोळदार झगा, डोक्यावर तिरकी टोपी, मागे भाचा. चीफ म्हणजे सत्तेतल्या पक्षाचे त्या वस्तीचे सर्वेसर्वा. पण मोसुनसाठी ते आधी बापाचे जिवलग मित्र. तिच्या बारशाला तिच्या जिभेवर मधाचं बोट यांनीच ठेवलेलं. बापाच्या मयतीला खड्ड्याशी शेवटपर्यंत हेच उभे होते.

आम्हा योरुबा लोकांमध्ये मोठं माणूस समोर आलं की मुलगा जमिनीवर आडवा होतो आणि मुलगी दोन्ही गुडघे टेकते. यात विचार करायचा नसतो. ठेच लागल्यावर ‘आई गं’ निघतं, तसे गुडघे आपोआप वाकतात. नाही वाकले तर गावभर आईबापांचा उद्धार होतो. मोसुनचे वाकले. माझ्या खालच्या कडा चिखलाला टेकल्या. चीफनी हात तिच्या खांद्यावर, म्हणजे माझ्यावरच, ठेवला.

“सुखी राहा, पोरी. आई बरी आहे ना?”

“बरी आहे, बाबा.”

“आज आमच्यावर पहारा का?”

“पहारा कसला, बाबा. नुसतं बघायचं.”

“बघ, बघ. तुझा बापही असाच होता. सगळं बघायचा.”

मोसुनची मान खाली होती, म्हणून तिला दिसलं नाही. मला दिसलं. भाच्यानं मोबाइल वर केला होता.

मग खरा बाजार सुरू झाला. मत देणारा पडद्याआड जायचा, अंगठा उठवायचा आणि बाहेर आल्यावर मतपत्रिका पेटीत टाकण्याआधी छातीशी उघडी धरून क्षणभर डावीकडे वळायचा. डावीकडे पक्षाचा माणूस दात काढत उभा. त्यानं कानाची पाळी ओढली की शाळेच्या भिंतीमागे शेंगदाणे विकणारी बाई एक कागदी पुडी देणार. वर चार शेंगदाणे, खाली नायराच्या नोटा. टेबलावरचा अधिकारी त्या वेळी नेमका आपली पेनं मोजत असायचा.

मोसुननं भिंतीमागे जाऊन डोळ्यांनी पाहिलं. मोबाइलवरून कळवलं. परत पाहिलं, परत कळवलं. रांगेतल्या इया अलाके नावाच्या म्हातारीनं तिला हाताला धरून बाजूला घेतलं.

“काय गं, सारखं काय टिपतेस?”

“आजी, मत विकू नका. दवाखाना उघडायचाय ना आपल्याला?”

“दवाखाना?” म्हातारी हसली. “अगं, चार वर्षांतून एकदा सरकार माझ्या घरी येतं, तेही रश्श्याच्या पातेल्यातून. तू त्यालाही दारातून परत पाठवणार?”

म्हातारीचा मला राग येत नाही. ज्यांनी तिच्यासाठी चार वर्षांत एवढंच शिल्लक ठेवलं, त्यांचा येतो.

दुपारी चीफच्या कानावर गेलं. ते स्वतः आले, आवाज मधासारखा. “मोसुन, उन्हात उभी आहेस. डोळ्यांना जरा विश्रांती दे.”

“बाबा, डोळेच तर द्यायला बोलावलंय मला.”

चीफ हसले. रागावलेल्या माणसापेक्षा हसणाऱ्या माणसाला मी तेव्हापासून जास्त भितो.

त्यांचा पक्ष जिंकला. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या प्रत्येक मोबाइलवर एकच फोटो होता. चीफ उभे, त्यांच्या पायाशी मोसुन, गुडघे चिखलात, मान खाली आणि पाठीवर माझं ठळक नाव. खाली लिहिलं होतं: ‘निरीक्षकांनीही आमच्या विजयापुढे गुडघे टेकले.’ हरलेल्या पक्षानं तोच फोटो उचलला आणि लिहिलं: ‘निरीक्षक विकले गेले.’ एवढं भांडणारे दोन पक्ष, पण एका बाबतीत त्यांचं एकमत झालं. त्यासाठी त्यांना मीच सापडलो.

मंचाच्या कार्यालयातून बोलावणं आलं. मोसुननं मला धुतलं, इस्त्री केली आणि अंगात घालूनच निघाली. आपण जे पाहिलं ते त्यांना तोंडानं सांगू, सगळं स्वच्छ होईल, असं बिचारीला वाटत होतं.

दार उघडून ती आत गेली आणि इबिदुन्नी मॅडमना पाहताच तिचे गुडघे वाकले. मॅडम समोरच्या कागदावरून नजर न काढता म्हणाल्या, “सुखी राहा. ऊठ, बस.” मग तो फोटो तिच्यापुढे सरकवला.

“हे काय आहे, मोसुन्मोला?”

“नमस्कार आहे, मॅडम. आत्ता तुम्हाला केला ना, तोच.”

मॅडमनी चष्मा काढून पुसला.

“मला कळत नाही का गं? माझ्या मुली रोज सकाळी मला असाच करतात. पण मदत देणारे परदेशी लोक फोटो बघून काय म्हणतील? त्यांच्या अबुजाच्या कचेरीतून सकाळपासून फोन येताहेत.”

“त्यांना सांगा ना मॅडम, आमच्याकडे असं करतात.”

“कुणाकुणाला सांगू? टीव्हीवर अर्धा मिनिट देतात मला. त्यात नमस्कार समजावू की निवडणूक?”

“मी पाठवलेलं सगळं खरं आहे.”

“असेल. पण पाठवणारीचे गुडघे दिसले ना.”

त्याच संध्याकाळी मंचाचं निवेदन आलं: ‘काही तुरळक घटना वगळता निवडणूक शांततेत पार पडली.’ ओडो-आरोचं केंद्र त्या तुरळक घटनांतही नव्हतं. मोसुननं कळवलेलं सगळं वगळलं होतं. ज्या घरांत लेकी गुडघे टेकूनच मोठ्या होतात, त्या घरांतल्या लोकांनी एका लेकीला गुडघे टेकल्याची शिक्षा दिली. मला संताप येतो तो याच गोष्टीचा. मत विकत घेणारा निदान जे करतो ते जाणून करतो.

गोष्ट इथेच थांबली असती तर मी गप्प बसलो असतो. पुढच्या आठवड्यात चीफ वेण्यांच्या दुकानाशी आले, आशीर्वाद द्यायला. मी खिळ्याला टांगलेला होतो. मोसुनची आई लगबगीनं गुडघ्यांवर गेली. मोसुन हातात कंगवा घेऊन उभीच राहिली.

“मोसुन, मोठी माणसं आलीत,” आई खालूनच म्हणाली.

“दिसतंय मला.”

“अगं, वाक.”

“एकदा वाकले, आई. त्याचा गावभर फोटो झाला. आता उभीचा काढू दे.”

चीफनी मान हलवली, जीभ टाळ्याला लावून चुकचुकले आणि निघून गेले. संध्याकाळपर्यंत गावभर झालं: फातुन्बींनी मध चाटवलेली पोर त्यांच्यापुढे काठीसारखी उभी राहिली. शहरानं बिघडवली. आईनं बोलणं टाकलं. गिऱ्हाइकं एकेक करून पलीकडच्या दुकानात जाऊ लागली. भिंतीमागची पुडी घेतलेल्या बायासुद्धा नाक मुरडून म्हणत, ‘वळण नाही हो पोरीला.’ वाकली म्हणून मंचानं टाकली, नाही वाकली म्हणून गावानं.

मंचानं सगळी जाकिटं परत मागवली. शेजारच्या राज्यात गव्हर्नरची निवडणूक लागली आहे. परवा पुन्हा तेच हॉटेल, तोच हॉल. मॅडमनी नव्या मुलींना एक नवा नियम वाचून दाखवला: ‘जाकीट अंगात असताना कुणाहीपुढे गुडघे टेकू नयेत.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. मग जाकिटं वाटली. एकेक मुलगी पुढे आली आणि मोठ्यांकडून घ्यायचं तसं गुडघे टेकून दोन्ही हातांनी जाकीट घेऊन गेली. मॅडम प्रत्येकीला म्हणाल्या, “सुखी राहा.” त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

मी आता एका नव्या मुलीच्या पिशवीत आहे. तिला सांगायची माझी फार इच्छा आहे, पण आम्ही डोळेच, तोंड नाही. म्हणून तुम्हाला सांगतो. कधी ओडो-आरोला गेलात तर बाजारामागच्या त्या दुकानात जा, मोसुनकडून वेणी घालून घ्या. ती तुमच्यापुढे वाकणार नाही. रागावू नका. हात चालू झाला की हळूच विचारा, त्या दिवशी तू काय पाहिलंस. आजवर तिला ते कुणीच विचारलेलं नाही.