गाडीचं टॉनिक

"पुन्हा प्याली!"

जयसिंगनं ऑइलची काडी फडक्यावर पुसली, पुन्हा इंजिनात घातली, पुन्हा बाहेर ओढली आणि बल्बच्या उजेडात धरली. तेलाचा काळा पट्टा खालच्या खुणेलासुद्धा टेकला नव्हता.

"सोमवारी घातलं, आज बुधवार. रेड्यावानी पितीय ही बया!"

सोजरबाई गोठ्याच्या दारात चहा घेऊन उभी होती. गोठा म्हणायचं ते आपलं सवयीनं. निघोज्याची रानं कंपन्यांखाली गेली, मग बैलांना काम उरलं नाही आणि एका बाजाराला तेही गेले. आता गव्हाणीला तोंड लावून सात सीटची पांढरी गाडी उभी असायची. जयसिंग तिच्यातून निघोज्याच्या आणि मोशीच्या सहा बायांना चाकणच्या कंपनीत पहिल्या शिफ्टला सोडायचा आणि शिफ्ट सुटली की आणायचा. घर त्याच्यावरच चालत होतं.

"च्या घ्या आधी. ती कुठं पळून चाललीय?"

"तू गप गं. हितं जीव टांगणीला लागलाय आन् तुला च्या सुचतोय."

त्यानं डब्यातून ऑइल ओतलं. मग गव्हाणीत ठेवलेली लाल बाटली उचलली आणि झाकणानं मोजून, एक, दोन, तीन झाकणं इंजिनात सोडली. मोजताना त्याचा चेहरा असा झाला, की जणू आजाऱ्याला औषध पाजतोय.

"तीन म्हैनं पाजताय. गुण आला का?" सोजरबाईनं विचारलं.

"येतोय हळूहळू."

चावी फिरवली. गाडी दोनदा कण्हली, तिसऱ्यांदा सुरू झाली आणि मागून निळ्या धुराचा लोट निघाला. सगळा गोठा भरला. सोजरबाई पदर नाकाला लावून बाहेर पळाली. धुराच्या आतून जयसिंगची शिवी ऐकू आली. ती गाडीला होती, का बाटलीला, का तिला, ते काही कळलं नाही.

गाडीतल्या बायांनी तोंडाला ओढण्या बांधायची सवयच लावून घेतली होती. त्या दिवशी कंपनीच्या गेटवर सलिल साहेब उभे होते. भाड्याच्या गाड्यांचं सगळं तेच बघायचे. त्यांनी हात करून गाडी बाजूला घ्यायला लावली.

"जयसिंगराव, किती वेळा सांगायचं? गेटवर धूर चालत नाही. वरून मला बोलणी बसतात."

"साहेब, काम चालूय गाडीचं."

"शनिवारी सगळ्या गाड्या तपासणार आहे. धूर दिसला, तर पास काढून घेईन. माझा नाइलाज आहे, नंतर हातापाया पडू नका."

एवढं बोलून साहेब पुढच्या गाडीकडे गेले. पास गेला म्हणजे काम गेलं, हे त्यांनी वेगळं सांगायची गरज नव्हती. पास मिळवायला पावसाळ्यापासून रांगेत थांबलेले जयसिंगला दहाजण माहीत होते.

परत येताना त्यानं गाडी सरळ हिंदुरावच्या दुकानापुढं लावली. दुकानावर पाटी अजून कृषी सेवा केंद्राचीच होती. ज्या फळ्यांवर पूर्वी कांद्याची औषधं असायची, त्याच फळ्यांवर आता इंजिनाच्या बाटल्या मांडल्या होत्या. लाल धुरासाठी, निळी आवाजासाठी, सोनेरी ताकदीसाठी. गिऱ्हाईकंही तीच होती आणि हिंदुरावची बोलायची तऱ्हाही तीच.

"आण्णा, तीन बाटल्या झाल्या. धूर वाढला, कमी न्हाई झाला."

"वाढणारच!" हिंदुराव जरासुद्धा बिचकला नाही. "आतली घाण सुटायला लागली, ती भाईर पडतीय. औषध लागू पडल्याची खूण हाय ती. मला सांग, कांद्यावर करपा आला की एका फवाऱ्यात जायचा का?"

"न्हाई."

"मंग ह्यो इंजिनाचा करपा समज. आता डबल पावरची घे. झाकणं मोजत बसू नको, अख्खी बाटली सोड. आन् तुझ्या एकट्याचं हाय का हे? आपल्या आळीतल्या चारी गाड्या यंदा ऑइल पितायत. प्रज्वलची तर नवीकोरी हाय, तीबी पितीय. हवाच तसली पडलीय, धूळ बघतोस ना?"

धूळ होतीच. चैत्राचं ऊन नऊलाच तापायला लागलं होतं आणि कंपन्यांकडं जाणारे कंटेनर फुफाट्याचे लोट उठवत होते. रस्त्यापलीकडं धम्मपालचं गॅरेज होतं. त्याचे वडील कंपनीत कामगार, तो स्वतः अठरा वर्षं इंजिनं जोडायच्या लाइनवर. लाइन बंद झाली तसं त्यानं हे गॅरेज टाकलं. हिंदुरावचा आवाज एवढा मोठा की त्याला बसल्या जागी सगळं ऐकू गेलं होतं. तो हात पुसत पुढं आला.

"तात्या, कशाला पाजताय तिला हे? ऑइलमधी जे लागतं ते बनवणाऱ्यानं आधीच घातलेलं असतंय. भाजीत मीठ घातलेलं असताना तुम्ही वरनं आणखी मूठभर टाकताय."

"मंग धूर का येतोय?"

"ते गाडी बघितल्याशिवाय कसं सांगू? ही बाटली ऑइल जाड करती. चार दिवस धूर दबल्यासारखा वाटतो, दुखणं आत तसंच. त्यापरीस चांगलं ऑइल वेळेवर बदला, फिल्टर बदला, बास. गाडी आणा, बघू."

"बघितलं की तू म्हणणार, इंजिन खोलायचं."

"खोलायला लागलं तर खोलू."

"आन् पंधरा दिवस गाडी तुझ्या दारात उभी ऱ्हायली, तर बाया काय तुझ्या खांद्यावर नेऊ कंपनीत?"

धम्मपालला राग आला. तीन महिने तो एकच गोष्ट सांगत होता आणि तीन महिने जयसिंग गाडी त्याच्या दारावरून पुढं नेत होता. "मंग पाजा टॉनिक," असं म्हणून तो निघून गेला. जयसिंगला त्याचं पटलं नव्हतं असं नाही. पण 'खोलायचं' या शब्दाची त्याला धडकी भरली होती. एकदा पोट फाडलेलं इंजिन पुन्हा धड चालत नाही, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. त्यानं डबल पावरची सोनेरी बाटली घेतली.

दुसऱ्या दिवशी गुरुवार, कंपनीला सुट्टी. सोजरबाईनं पहाटेच गव्हाचा चीक शिजवून अंगणात स्वच्छ धोतरावर कुरडया घातल्या होत्या. चांगल्या दोनशे असतील. कंबर धरून ती आत टेकली, न टेकली, तोच गोठ्यात इंजिन गुरगुरलं. जयसिंगनं अख्खी बाटली सोडून, ती आत मुरावी म्हणून गाडी रेस करायला घेतली होती. निळा, जाड, तेलकट धूर दारातून बाहेर आला, अंगणभर पसरला आणि पांढऱ्याशुभ्र कुरडयांवर बसला.

"बंद करा ती!" सोजरबाई एवढ्या जोरात ओरडली की शेजारची कोंबडी उडाली.

गाडी बंद झाली. धूर हटला तेव्हा कुरडयांवर काळे बारीक ठिपके दिसत होते. सोजरबाईनं एक कुरडई उचलली, हुंगली आणि परत ठेवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते दुःखाचं कमी आणि संतापाचं जास्त होतं.

"गाडीला पाजा, मलाबी पाजा एक बाटली! कांद्यालाबी ह्येच केलंत जल्मभर. वाफ्यात पाणी साचून पात पिवळी पडायची. मी सांगायची, आधी वाफा फोडा, पाणी काढून द्या. पर तुमी आपलं वरनं औषध मारत बसायचा."

"आता कांद्याचं कशाला उकरून काढती?"

"मंग काय उकरू? कुरडया उकरू?"

 जयसिंग दारातल्या दगडावर डोकं धरून बसला. परवा तपासणी होती, बाटली रिकामी झाली होती आणि धूर आधीपेक्षा दुप्पट होता.

सोजरबाईचा राग कामात जिरायचा. तिनं हौदातून बादली भरली आणि गाडीखाली सांडलेलं ऑइल धुवायला गव्हाणीच्या बाजूनं भस्सकन पाणी मारलं. पाणी काळे ओघळ घेऊन गाडीखालून पळत मागं गेलं आणि नालीत पडलं. खराटा घेऊन वाकलेली सोजरबाई तशीच थांबली. तिनं आणखी एक बादली मारली. तेही पाणी तसंच पळालं.

"आवं, हिकडं या."

"आता काय?"

"पाणी बघा. कुठं चाललंय?"

"नालीत. दुसरं कुठं जाईल? बैलांचं मूत साचू नये म्हणून उतार दिलाय. म्या सोता फरशी बसवलीय ती."

"मंग गाडीच्या पोटातलं ऑइल काय तुमची वाट बघत गव्हाणीपाशी थांबतंय व्हय?"

जयसिंग तोंड उघडून तिच्याकडं बघत राहिला. मग फरशीकडं, मग गाडीच्या वर उचललेल्या नाकाकडं. काडी इंजिनाच्या पुढच्या अंगाला होती. ऑइल रोज मागं सरकून बसत होतं, काडी रोज कोरडी निघत होती आणि तो रोज ओतत होता. आळीतल्या बाकी गाड्यांसारखी हीसुद्धा पूर्वी देवळापुढच्या सपाट पटांगणात उभी असायची. तिथं फरशीचं काम निघालं म्हणून तीन महिन्यांपूर्वी ती गोठ्यात आली. धूरही तीन महिन्यांपूर्वीच सुरू झाला होता.

त्यानं ब्रेक सोडला. दोघांनी मिळून गाडी बाहेर ढकलली, जयसिंग स्टिअरिंगला बसला आणि उतारानं ती आपोआप देवळापर्यंत गेली. फरशीचं काम आता झालं होतं, जागा ताटासारखी सपाट होती. दहा मिनिटं थांबून त्यानं काडी ओढली. ऑइल वरच्या खुणेच्या पार वर, चार बोटं चढलं होतं.

"प्याली न्हाई गं ती," तो कसाबसा म्हणाला. "म्याच नाकातोंडात जाईस्तवर पाजली."

जयसिंग खाली मान घालून धम्मपालला बोलवायला गेला. धम्मपालनं मात्र एकदाच काडी बघितली, कपाळाला हात लावला आणि कामाला लागला. त्यानं सगळं ऑइल खाली सोडलं. ते काकवीसारखं जाड, घळघळत पडलं. बैलांना पाणी पाजायची जुनी बादली काठोकाठ भरली तरी धार थांबेना.

"खोलायचं का?" जयसिंगनं भीत भीत विचारलं.

"काय खोलताय? इंजिन ठणठणीत हाय. जास्तीचं ऑइल हवेच्या नळीत चढून जळत होतं, त्याचा धूर. नवीन ऑइल मापात घालतो, फिल्टर बदलतो, हवेची नळी धुतो. उद्या जरा धूर येईल, नळीत उरलंय ते जळेल. मग बंद." मग तो म्हणाला, "तात्या, तीन महिन्यांपूर्वी आणली असती तर पाच मिनिटांचं काम होतं."

"बोल, बोल. आज बोलायचा तुझा दिवस हाय."

शुक्रवारी धूर विरळ झाला. शनिवारी सलिल साहेबांनी मागं उभं राहून स्वतः गाडी रेस करायला लावली, सायलेन्सरपुढं पांढरा रुमाल धरला आणि तो पांढराच राहिला. "छान," एवढंच म्हणून त्यांनी पासवर शिक्का मारला. जयसिंगला वाटलं, गेटवरच मोठ्यानं ओरडावं.

ओरडला हिंदुराव. जयसिंग परतला तेव्हा तो दुकानापुढं पाच-सहाजणांना गोळा करून उभा होता.

"ही बघा आली गाडी! हाय का धूर? डबल पावर! बुधवारी नेली, शनिवारी गुण!"

"आण्णा, तुमच्या बाटलीनं न्हाई," जयसिंग खाली उतरून म्हणाला. "चूक माझीच व्हती. गोठ्याला उतार, म्हणून काडी कोरडी दिसायची. बाटलीसकट सगळं ऑइल काढून टाकलं, तवा गाडी सुधारली."

चारचौघांत आपला गाढवपणा कबूल करणं सोपं नव्हतं. त्याचे कान लाल झाले होते. पण लोक फक्त हसले.

"बघितलं?" हिंदुराव डोळे मिचकावत म्हणाला. "गुण आला की मानूस औषध लपवतोय. शेजाऱ्याचा कांदा आपल्यापेक्षा चांगला येऊ नये, त्यातली गत."

आणि जयसिंगच्या डोळ्यांदेखत तिघांनी सोनेरी बाटल्या घेतल्या. घरी येऊन तो इतका चिडला होता, की भाकरी पुढ्यात तशीच पडून राहिली.

रविवारी बायांना सोडून तो आळीतून चालला होता. डाव्या हाताच्या गोठ्यात प्रज्वल बॉनेट उघडून उभा होता. हिंजवडीला मोठ्या पगारावर असलेला शिकलेला पोरगा, पण गाडी बापाच्या गोठ्यात, गव्हाणीला तोंड लावून. एका हातात काडी, दुसऱ्यात सोनेरी बाटली.

"तात्या, तुम्ही अख्खी घातली होतीत ना?"

जयसिंगनं त्याला उतार सांगितला, काडी सांगितली, पटांगण सांगितलं. घसा कोरडा पडेस्तोवर सांगितलं. प्रज्वलनं मान डोलवली.

"असेल तात्या. पण घातल्यानं नुकसान तर नाही ना?"

जयसिंग घरी येऊन दगडावर धपकन बसला. "डोकं फोडून घ्यावं वाटतंय ह्या लोकांपुढं! शिकलेला, तरी तसलाच!"

सोजरबाईनं विचारलं नाही की कोण. तिनं हौदात बादली बुडवली, पदर खोचला आणि तरातरा प्रज्वलच्या गोठ्यात शिरली. त्याला बाजूला सरक म्हणायच्याही आधी तिनं गव्हाणीपाशी भस्सकन पाणी ओतलं.

"काकू, अहो, माझे बूट!"

"बूट वाळतील. पाणी बघ."

पाणी प्रज्वलच्या पांढऱ्या बुटांवरून, गाडीखालून पळत गेलं आणि नालीत पडलं. प्रज्वल ते बघत राहिला. मग त्यानं हातातल्या कोरड्या काडीकडं बघितलं, आणि मग बाटलीकडं. ती अर्धी रिकामी होती.

"आई गं," तो हळूच म्हणाला.

सोजरबाई बाहेर आली. पलीकडच्या गोठ्यातही बॉनेट वर होतं आणि कुणीतरी उजेडाला काडी धरून उभं होतं. ती बादली भरायला वळली, तर मागून जयसिंग दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन येत होता.

"थांब," तो म्हणाला. "त्यो गोठा लांबडा हाय. एका बादलीत भागायचं न्हाई."