डबीनं जीभ काढली

भद्रा मारुतीची शप्पथ, मित्रांनो! आता सांगतो ते अक्षर न् अक्षर खरं. खोटं निघालं तर माझ्या भिंगावर बुरशी चढो!

मी एक जुना कॅमेरा आहे. एवढासा, काळा, तळहातावर मावणारा. जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला, पण डोळा उघडला तो गुलमंडीवरच्या दुकानात, काचेच्या कपाटात. शेजारी लांब नाकाचे मोठे कॅमेरे बसलेले. गिऱ्हाईक आलं की नाक आणखी वर करायचे. माझ्याकडं कुणी ढुंकून बघत नव्हतं.

ते साल दुष्काळाचं. ऊन असं की पाखरं उडायची सोडून सावलीसावलीनं पायी चालायची. मी स्वतः बघितलंय! जायकवाडीचा तळ उघडा पडलेला, आणि शहर मात्र फुगतच चाललेलं.

अशात पुंडलिकनगरची चारुता नवऱ्याला घेऊन दुकानात आली. तिला रोजच्या रस्त्याचे फोटो काढायचे होते. भाजीवाले, टँकरवरच्या बाया, गल्लीतली भांडणं.

"मोठाच घे गं," नवरा मंदार म्हणाला. "कॅमेरा कसा, चारचौघांत दिसला पाहिजे."

"तेच तर नको! दादाचा मोठा नेला होता ना टँकरवर? भांडणं सोडून बाया शाळेच्या फोटोसारख्या ओळीत उभ्या राहिल्या. ड्रायव्हरनं सुद्धा भांग पाडला!"

मग तिनं मला उचललं. हाताला जड नाही. पर्समध्ये मावतो. बटण दाबलं की लगेच जागा होतो. आवाज तर मुंगीच्या शिंकेएवढा.

"हाच," ती म्हणाली. शेजारच्या नाकाडांची तोंडं बघण्यासारखी झाली!

आणि मग काय काय बघितलं मी, मित्रांनो! टँकरच्या नळीतून गळणारा एक थेंब, आणि त्यात उलटं टांगलेलं आख्खं आभाळ. नव्या इमारतीवरच्या क्रेनच्या हुकाला लटकलेला लालबुंद सूर्य. रोजचाच रस्ता, पण बघावं तर दर दिवशी नवा. माझा डोळा मिटायलाच तयार नसायचा.

डोळ्यावरून आठवलं. चारुताच्या समोर गोजरबाई राहायच्या. मागच्या एका दुष्काळात त्या लासूर स्टेशनकडून इथं आल्या, तेव्हा इथं नुसता माळ होता. दारात त्यांनी कडुलिंबाचं रोप लावलं आणि भांडी घासलेलं पाणी घालून वाढवलं. आता त्याची सावली गल्लीभर पडायची, आणि टँकरची वाट बघत बाया तिथंच बसायच्या. पण रस्ता रुंद होणार होता. लिंब दुसऱ्या दिवशी तुटणार होता.

"लिंबासंगं माझा एक फोटू काढा," गोजरबाई म्हणाल्या. "पण डोळे उघडे पायजेत. लेकाच्या लग्नात मिटलेले, नातवाच्या बारशात मिटलेले. मी गेल्यावर भिंतीवर काय झोपलेली म्हातारी टांगता व्हय?"

मंदार चारुताच्या दादाचा मोठा कॅमेरा मागून घेऊन आला. "आजी, सरळ बसा. डोळे उघडे ठेवा हं. एक, दोन..."

'तीन' म्हणायच्या आत गोजरबाईंनी डोळे गच्च मिटले. पुन्हा काढला, पुन्हा तेच. लांब नाक पुढं आलं की त्या देवापुढं बसल्यागत होऊन जायच्या.

"जाऊ द्या," त्या हिरमुसून म्हणाल्या. "माझ्या नशिबात नाय." आणि लिंबाच्या खोडावर हात फिरवत बसल्या.

तेवढ्यात त्यांची नजर चारुताच्या मुठीवर पडली. मुठीत मी. सूनबाई त्यांची तंबाखूच्या मिसरीची डबी लपवून ठेवायची, त्यामुळं डबी दिसली की म्हातारीचा जीव अधीर व्हायचा. इकडंतिकडं बघून त्या हळूच कुजबुजल्या, "चारू, मिसरी हाय ना गं त्याच्यात? दे चिमूटभर. कुणाला सांगू नको."

चारुतानं हसू दाबत माझं बटण दाबलं. माझं भिंग सुर्रकन बाहेर आलं.

"अगं बया! डबीनं जीभ काढली की मला!"

आणि गोजरबाई हसल्या. पदर सुटला, बोळकं उघडं पडलं, लिंबाच्या सावलीची जाळी सगळ्या तोंडावर नाचली. डोळे टक्क उघडे! त्याच क्षणी मी मुंगीची शिंक दिली. असं काही मी पुन्हा बघितलं नाही.

फोटो बघून त्यांनी मला आणखी डोळ्यांजवळ धरलं. मग म्हणाल्या, "ही मीच व्हय? लई चावट दिसते की! हाच लावा."

दुसऱ्या दिवशी लिंब गेला. काही वर्षांनी गोजरबाईही गेल्या. भिंतीवर मात्र दोघं अजून सोबत आहेत. आता सगळ्यांच्या हातात मोबाईल आले आणि मी कपाटात. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी पडला असेल तर त्याची बॅटरी काढून ठेवा, भिंग मऊ कापडानं पुसा, अधूनमधून त्याला उजेड दाखवा. आणि म्हाताऱ्या माणसांना 'सरळ बसा, हसा' म्हणू नका. त्यांना हसू फुटेल असं काहीतरी करा.

आता बुरशीचं भ्या वाटतंय, म्हणून सांगून टाकतो. एक गोष्ट मी रचली. पाखरं पायी चालत होती, ते खरंच. पण गोजरबाईंचे डोळे ह्याही फोटोत मिटलेलेच आहेत.

हसून हसून मिटलेत.