न दुखणारे पाय

दोरा वाकला. नायलॉनचा, गळाला लावतात तसला, जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढा तुकडा, प्लास्टिकच्या दांडीत बसवलेला – तळपायाला टेकवायचा, वाकेपर्यंत दाबायचा आणि थांबायचं. तो वाकला की कातडीवर बरोबर दहा ग्रॅमचा दाब पडलेला असतो. डोळे मिटून बसलेल्या माणसानं ‘हो’ म्हणायचं, एवढीच परीक्षा. सकाळी इस्पितळातल्या आपल्या तपासणीच्या खोलीचं दार उघडल्यावर सिस्टरनं बूट काढून तो आधी स्वतःच्याच अंगठ्याखाली टेकवला होता, आणि हो, असं मनातल्या मनात म्हणून टाकलं होतं... मग तिला हसू आलं. हो काय हो? कुणाला सांगतेस? खोलीत तिच्याशिवाय कुणी नव्हतं. टेबलावर ते पत्र होतं.

पत्र कालच आलं होतं आणि कालपासून तिनं ते इतक्या वेळा वाचलं होतं की आता डोळे आपोआप तिसऱ्या ओळीवरच जाऊन थांबत. ‘गेल्या तीन वर्षांतील प्रकरणांची संख्या पाहता पायांच्या तपासणीचा स्वतंत्र कक्ष आवश्यक वाटत नाही.’ प्रकरणं म्हणजे कापलेले पाय. ही खोली सुरू झाली त्याच्या आदल्या वर्षी या इस्पितळात साखरेच्या आजारानं अकरा पाय कापले गेले होते, मग सहा, मग एक, आणि गेली तीन वर्षं शून्य. शून्य झालं म्हणून आवश्यक नाही. विहिरीला कठडा बांधल्यापासून कुणी पडलं नाही, तेव्हा कठडा काढून टाका... एक तारखेपासून खोली क्रमांक नऊ नोंदणी विभागाकडे जाणार होती. तपासणी यापुढे टॅब्लेटवर. वीस प्रश्न, त्यातला चौदावा पायांचा. खाली ‘ताबा दिला’ असं छापलेलं, त्यापुढे रिकामी रेघ. बारा वाजता अधीक्षकांच्या खोलीत जाऊन त्या रेघेवर सही करायची होती.

“करून टाका सही आणि व्हा मोकळ्या,” मावशी पाय धुवायचा टब घासता घासता म्हणाली. मावशी म्हणजे खोलीची सफाईवाली, वयानं तिच्याहून मोठी आणि बोलायला इस्पितळात सर्वांत पुढे. “पाच वर्षं लोकांचे पाय धरून बसलात. एवढे देवाचे धरले असते तर एव्हाना पावला असता.”

“देवाच्या पायांना भेगा नसतात, मावशी. त्याला माझी गरज नाही.”

“गरज इथं तरी कुणाला आहे?” मावशीनं टब उपडा केला. ती लागेल असं बोलली नव्हती, पण लागलं.

गरज... बाबांना कुठे होती? साखर होती, तरी बाबा म्हणायचे, मला काही होत नाही. शिंपी माणूस, दिवसभर पायमशीनवर, पाय म्हणजे त्यांचं इंजिन. ती बारा वर्षांची होती तेव्हा मशीनपासून दारापर्यंत फरशीवर बारीक तपकिरी ठिपके उमटू लागले, एका रेषेत, टाके घातल्यासारखे. तिनं ते फडक्यानं पुसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पुसले. तेल असेल मशीनचं – असं तिला वाटलं होतं की तिनं तसं वाटून घेतलं होतं, हे आता, इतक्या वर्षांनी, सांगता येत नाही. चौथ्या दिवशी वास आला. आईनं वहाण उलटी केली तर तळव्याला आरपार भोक, आणि बाबांच्या टाचेत तुटलेली सुई; चार दिवस ते तिच्यावरून चालले होते. “अगं, पण दुखत नाही ना!” ते म्हणाले. कौतुकानं म्हणाले, जणू त्यांच्या पायानं पराक्रमच केला होता. मग पाऊल गेलं, मग गुडघ्याखालचा भाग. पुढची सहा वर्षं बाबा एका पायानं मशीन मारत राहिले, आणि शेजारच्या खोलीत अभ्यासाला बसलेल्या मला ते मशीनही लंगडताना ऐकू यायचं... टक्‌–टक, थांबून, टक्‌–टक. मी कानात बोटं घालायची. मी पुसले होते ते ठिपके. मी.

दहाच्या सुमारास गाडी शिकवणारे मास्तर आले, नेहमीसारखे बायकोला घेऊन, खरं तर बायको त्यांना घेऊन. चाळीस वर्षं त्यांनी लोकांना गाडी शिकवली होती. अर्ध्या गावाचं लायसन्स आपल्यामुळे आहे असं ते सांगत, आणि उरलेल्या अर्ध्याचं आपल्या भीतीमुळे.

“कसे आहेत पाय?”

“फर्स्ट क्लास. काडीचाही त्रास नाही.”

“मिटा डोळे. टोचल्यासारखं वाटलं की हो म्हणा.”

“हो.”

तिनं दोरा अंगठ्याकडून करंगळीकडे नेला. “हो,” मास्तर म्हणाले. थोड्या वेळानं, “हो.” पुन्हा तेवढ्याच अंतरानं, ठेक्यात, “हो.”

“मास्तर, मी अजून टेकवलाच नाही.”

मास्तरांनी एक डोळा उघडला, आणि त्यात क्षणभर जे दिसलं ते तिला ओळखीचं होतं – नापास होण्याची भीती, इतक्या मोठ्या माणसाच्या डोळ्यात.

“घरी पण हेच,” बायको म्हणाली. “विचारायच्या आधीच हो. आणि मग केलेलं काहीच नसतं.”

डाव्या पायाला दहापैकी चार ठिकाणी हो आलं. टाचेवर, मागच्या बाजूला, जिथे आपलं आपल्याला दिसत नाही तिथे, रुपयाएवढा फोड होता, कडेनं लाल. शेकायच्या पिशवीचा. काल संध्याकाळी पाय गार पडले म्हणून मास्तरांनी पिशवी पायाखाली घेतली होती आणि बातम्या बघता बघता विसरून गेले होते. भाजलं तेव्हा कळलं नव्हतं. भाजतंय हे सांगणारी तारच कधीतरी आतून तुटली होती. बायकोच्या तोंडचं पाणी पळालं. “मीच गरम करून दिली हो ती...”

“वेळेवर आलात,” ती म्हणाली. “आठवड्यानं आला असता तर वेगळं बोलावं लागलं असतं. आता पिशवी बंद, अनवाणी चालणं बंद, आणि रोज सकाळी आरसा धरून टाच बघायची. यांना नाही, तुम्हाला बघायचीय.”

पट्टी झाल्यावर मास्तरांनी ती चाचपून पाहिली. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “शिकवणाऱ्याच्या बाजूला फक्त ब्रेक असतो, सिस्टर. स्टिअरिंग नाही, काही नाही. चाळीस वर्षं त्या ब्रेकवर पाय ठेवून बसलो. किती अपघात झाले नाहीत, याचं सर्टिफिकेट मात्र कुणी दिलं नाही.” आणि हसले.

ती हसली नाही. तिला ते वाक्य घेऊन वर जायचं होतं, बारा वाजता, जसंच्या तसं.

पण वर गेल्यावर ते वाक्य निघालंच नाही. अधीक्षकांच्या खोलीत पंखा हळू फिरत होता आणि नियोजन कार्यालयातून आलेल्या अधिकारी बाई टेबलावर तक्ते मांडून बसल्या होत्या – तिच्या मुलीच्या वयाच्या, नीटनेटक्या, रात्रीची झोप पुरी न झालेल्या. तिला वाटलं होतं त्यांचा राग येईल. येईना. बाई मनापासून बोलत होत्या.

“तुमच्या खोलीत दिवसाला वीस जण येतात, सिस्टर. आता दारात आलेल्या प्रत्येकाला टॅब्लेटवर प्रश्न जातील. चारशे जणांची तपासणी होईल, रोज. तुमचंच काम वाढतंय.”

“तपासणी नाही होणार, बाई. विचारणा होईल.”

“म्हणजे?”

“चौदावा प्रश्न काय आहे? पायाला काही त्रास आहे का. आज एक जण आले होते, टाच भाजलेली. त्यांना विचारलं तर म्हणाले, फर्स्ट क्लास. ते खोटं बोलत नव्हते. या आजारात ज्याचं दुखतं तो वाचतो. ज्याचं दुखत नाही त्याच्यासाठी मी आहे, आणि तो तुमच्या प्रश्नाला नाहीच म्हणणार.”

बाईंनी हे लिहून घेतलं, खरोखरच लिहून घेतलं. मग म्हणाल्या, “पण एका पेशंटवरून धोरण ठरत नाही ना? गेल्या तीन वर्षांत एकही शस्त्रक्रिया नाही. मी वर काय दाखवू?”

अधीक्षक खिडकीकडे बघत होते. त्या अकरा पायांपैकी सात त्यांच्या हातानं गेले होते. त्यांना आठवत असणार; कापून झाल्यावर पाय किती जड लागतो ते त्यांनीच एकदा सांगितलं होतं, चहा पिता पिता, कप तसाच ठेवून. आता ते म्हणाले, “मला कळतं, सिस्टर. पण वरून आलंय. तुम्ही वॉर्डात या, मोठी जबाबदारी देतो.”

वर काय दाखवू... काय दाखवणार? न झालेलं कसं दाखवतात? आणि तेव्हाच, त्या पंख्याखाली, तिच्या मनात एक वाक्य उठलं, इतकं स्पष्ट की ते कुणीतरी खोलीत बोललंय असं वाटून ती दचकली – एक जाऊ दे. एकच. खोली बंद करा, आणि वर्षाच्या आत एक पाय जाऊ दे, म्हणजे समजेल यांना.

कुणाचा?

तिनं मनात मास्तरांची टाच पाहिली. पट्टी तिनंच बांधलेली, गाठ तिचीच. बायकोचा चेहरा पाहिला... आणि तिला कळलं की हे वाक्य आज जन्मलेलं नाही. तीन वर्षं ते आत दबा धरून होतं. दर वर्षअखेरीस तक्त्यात शून्य लिहिताना ती आनंदली होती, खोटं नाही. पण त्या आनंदाच्या तळाशी काहीतरी हिरमुसलं होतं, हेही खोटं नाही. कुणीतरी येऊन म्हणावं, तुझ्यामुळे. आणि तसं म्हणण्यासाठी आधी एक पाय जायला हवा. म्हणजे मी कशाची वाट बघत होते? ज्या सुईच्या रागानं मी या कामाला आले, तशाच एका सुईची?

टेबलावरचं पेन तिच्याकडे सरकवलं गेलं होतं. अधिकारी बाई वाट बघत होत्या, दुष्टपणानं नव्हे, पुढची बैठक असल्यासारख्या.

नको, तिनं ठरवलं. मला खरं ठरायचं नाही. या बाई खऱ्या ठरोत. खोलीशिवायही कुणाचा पाय न जावो. त्यांनी वर शून्य दाखवावं आणि म्हणावं, बघा, ती सिस्टर उगीच भांडत होती. मला चालेल. मला धावेल. पण ते शून्य आपोआप येतं असं मी लिहून देणार नाही.

“मी सही करणार नाही,” ती म्हणाली. आवाज अपेक्षेपेक्षा लहान निघाला, म्हणून तिनं तो पुन्हा काढला. “खोली तुमची आहे, तुम्ही घ्या. ताबा मी दिला असं मात्र मी म्हणणार नाही.”

“सिस्टर, ही नुसती औपचारिकता आहे,” अधीक्षक म्हणाले.

“मग माझ्यावाचून अडायला नको.”

“चौकशी लागेल. तुमची तीन वर्षं राहिलीत नोकरीची.”

“लागू दे. चौकशीत तरी कुणीतरी विचारेल, तिथे बसून मी काय करत होते ते.”

बाई तक्ते गोळा करू लागल्या. अधीक्षकांनी पत्र ओढून घेतलं, त्यावर काही लिहिलं नाही, नुसतं हाताखाली धरून ठेवलं. “आणि आता तुम्ही काय करणार आहात?” त्यांनी विचारलं, आणि त्या प्रश्नात धमकी किती आणि खरी उत्सुकता किती, ते तिला ओळखता आलं नाही.

“एक वाजतोय. लोक आलेले असतील,” ती म्हणाली आणि उठली.

जिन्याच्या मध्यावर ती कठड्याला धरून उभी राहिली. डोळ्यांसमोर बाबांच्या घरातली बारा वर्षांची मुलगी फडकं घेऊन फरशीवर बसली होती; तिला रागवावं असं आज पहिल्यांदाच वाटलं नाही. काय करणार होती ती? तिला कुणी सांगितलं होतं? न दुखणाऱ्या गोष्टीला भ्यायचं असतं हे त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं, आणि गावात ज्यांना माहीत होतं ते पाय कापण्यात गुंतलेले होते. ऊठ, ती त्या मुलीला म्हणाली. ऊठ, बस झालं पुसणं.

खाली नोंदणीची रांग दाराबाहेर गेली होती. नऊ नंबरमध्ये मोजमाप घेणारे दोघे टेप लावून उभे होते. खिडक्या किती, प्लग किती. तिनं त्यांना काही म्हटलं नाही. आपलं बुटकं स्टूल उचललं, ट्रे उचलला, आणि बाहेर बोळात, रांगेच्या कडेला, भिंतीशी नेऊन ठेवला.

“आता हे काय नवीन?” मावशी म्हणाली.

“टब आणा.”

“इथं? साहेबांनी बघितलं तर?”

“बघू देत. त्यांना दिसावं म्हणूनच इथे बसतेय.”

मावशी “नोकरी तुमची जाईल आणि पाणी मी उचलू,” असं पुटपुटत आत गेली, आणि टब घेऊनच आली.

रांगेतली माणसं बघायला लागली. कुणी हसलं. एका पोरसवद्या कारकुनानं टॅब्लेट छातीशी धरून, “सिस्टर, इथे परवानगी...” एवढं म्हटलं आणि तो रांगेतल्या पुढच्या माणसाकडे वळला. बोळाच्या टोकाला अधीक्षक उतरलेले दिसले. ते तिथेच थांबले, जवळ येईनात, परतही जाईनात. ते आले तर काय बोलायचं ते तिनं ठरवलं नव्हतं. उद्या हे स्टूल इथे असेल का, तेही ठाऊक नव्हतं. तिनं बाह्या सावरल्या.

रांगेतली पहिली बाई जाडजूड होती, पिशव्या घेऊन उभी राहून दमलेली. बसायला मिळतंय म्हणूनच ती समोरच्या बाकावर टेकली, आणि चपला काढता काढता संशयानं म्हणाली, “मला काही झालेलं नाही हं, सिस्टर. मी दाताला आलेय. हे कशासाठी?”

इतकी वर्षं या प्रश्नाला ती लांबलचक उत्तर द्यायची, नसांचं, रक्ताचं, अकरा पायांचं, घाबरवून सोडणारं. ते उत्तर आताही तोंडाशी आलं. तिनं बाईचं पाऊल दोन्ही हातांत घेतलं. ते गरम होतं, जड होतं, धुळीचं होतं.

“काही होऊ नये म्हणून,” ती म्हणाली. आणि ते तिला, कधी नव्हे ते, पुरेसं वाटलं.