दोघांची होडी

बहिणीने घड्याळजीला पुरतं गंडवलं होतं. "दादा, नदीतल्या बेटांची सफर आहे, मी येतेय, तूही चल," म्हणाली आणि ऐनवेळी पाय मुरगळल्याचा निरोप धाडला. काठावर जाऊन बघतो तर लाइफ जॅकेटचे पट्टे आवळत धाकटा भाऊ उभा! सात वर्षांचा अबोला होता दोघांत. आईचं दुखणं वाढलं तेव्हा धाकटा परगावी कामावर होता. 'उगाच घाबरेल, दोन दिवस बघू,' म्हणत घड्याळजीने कळवायला उशीर केला, आणि धाकट्याला आईचं शेवटचं तोंडही दिसलं नाही.

सफरीला नेणाऱ्या बाईंना हे काय ठाऊक? त्यांनी जोड्या लावून टाकल्या. "तुम्ही दोघं एका कायाक होडीत. जड माणूस मागे. मागच्याने पुढच्याचे हात बघून वल्हं मारायचं."

आधी वल्ह्यावर वल्हं आपटत राहिलं. मग घड्याळजी नीट बघू लागला. धाकट्याचे केस मागून विरळ झाले होते. लहानपणी हेच डोकं दोन्ही गुडघ्यांत धरून तो तेल चोपडायचा. कधी झालं हे सगळं?

दुसऱ्या बेटाशी बाईंनी हात वर केला. "आता चकार शब्द नको. पाणमांजरं आहेत." सगळ्या होड्या गप्प झाल्या. लव्हाळ्यात एक मादी पिल्लाला मानगुटीला धरून वर ओढत होती, ते पुन्हा पुन्हा पाण्यात सटकत होतं. धाकट्याचे खांदे हसताना हलले. तो मागे वळेल म्हणून घड्याळजी वल्हं थांबवून बसला. तो वळला नाही.

एवढ्यात प्रवाहाने होडी आडव्या पडलेल्या झाडाकडे ओढली.

"दादा, डावीकडे!"

घड्याळजीने जिवाच्या आकांताने वल्हं मारलं. होडी फांदीला घासून निसटली. बाई डोळे वटारून बघत होत्या, पण त्याला त्याचं काही नव्हतं. धाकटा त्याला 'दादा' म्हणाला होता.

काठावर होडी ओढताना घड्याळजी म्हणाला, "तुला तेव्हाच कळवायला हवं होतं मी."

धाकट्याने जॅकेटचा पट्टा सोडवला. "हो. हवं होतं." मग म्हणाला, "ताईचा पाय खरंच मुरगळलाय का रे?"

"कसला मुरगळतोय!"

तेवढंच बोलणं झालं. धाकट्याची बस आली. ती वळणाआड जाईपर्यंत घड्याळजी ओल्या कपड्यांत उभा होता. खिडकीतून हात हलला की काय, ते काचेवरच्या उन्हात त्याला नीट दिसलं नाही.