चार पट्ट्या

मिर्लानने अंगठ्याने जोर लावला तशी रॅमची चौथी पट्टी एका बाजूने बसली आणि दुसऱ्या बाजूने वर आली. दात आवळून त्याने पुन्हा दाबलं. खट्ट आवाज झाला. मेजावर आडव्या ठेवलेल्या संगणकाच्या पोटात आता चार पट्ट्या ओळीने उभ्या होत्या. दोन जुन्या करड्या, दोन नव्या लाल.

बुरुल ट्रे घेऊन दारात थांबली होती. चहाचा पियाला दिराच्या कोपराजवळ ठेवताना तिची नजर रिकाम्या खोक्यावर गेली. तिने ते उचललं आणि मागची बारीक अक्षरं वाचली.

"भाऊजी, या छत्तीसशे मेगाहर्ट्झच्या आहेत. आपल्या जुन्या बत्तीसशेच्या."

"माहितीये. म्हणूनच घेतल्या. जास्त वेगाच्या आहेत."

"पण चारही एकत्र छत्तीसशेला चालायच्या नाहीत. जुन्या दोघींना तो वेग झेपणार नाही. टायमिंगही वेगळं आहे, ते हाताने..."

"वहिनी," मिर्लान मान वर न करता म्हणाला, "साय संपलीये बघ. आणतेस जरा?"

खिडकीपाशी सासू नमद्याच्या गालिच्याला टाके घालत बसली होती. घरात सगळे तिला आपाच म्हणत. तिची सुई खालीवर होत राहिली.

बुरुल साय आणायला गेली. तो मंगळवार होता.

नारिन गावातल्या या घरात सून म्हणून येऊन तिला तीन वर्षं झाली होती. त्याआधी सहा वर्षं ती राजधानीत, बिश्केकला, एका दुकानात गिऱ्हाइकांसाठी संगणक जोडत असे. दिवसाला तीन, सणासुदीला पाच. लग्न ठरताना हे कौतुकाने सांगितलं गेलं होतं, मुलीला विणकाम येतं असं सांगावं तसं; आणि विणकामासारखंच ते पुढे कुणाच्या लक्षात राहिलं नाही. नवरा ट्रक घेऊन तोरुगार्त घाट ओलांडून चीनच्या बाजूला जायचा, आठवड्यातून दोन दिवस घरी असायचा. बाकीचे दिवस आपा, मिर्लान, गाय आणि कणीक.

मिर्लान सव्वीस वर्षांचा. दिवसभर मोबाइलच्या टपरीवर बसायचा आणि उरलेला वेळ संगणकावर पाच जणांच्या संघात खेळायचा. शनिवारी दुपारी त्यांची मोठी लढत होती. जिंकले तर बिश्केकच्या अंतिम फेरीत. वसंतात संघातले दोघं कामासाठी रशियाला निघणार होते, त्यामुळे पुढच्या वर्षी वगैरे काही नव्हतं. हे त्याने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण भिंतीवरच्या कॅलेंडरात शनिवारभोवती पेनाने इतक्या वेळा गोल काढला होता की कागद फाटला होता.

संगणक बुधवारी सकाळी पहिल्यांदा बंद पडला. पडदा निळा झाला आणि सगळं गेलं. दुपारपर्यंत चारदा. मिर्लानने संघातल्या कुबातला फोन लावला. कुबात म्हणाला, पट्ट्यांचे दात खोडरबराने पुस. पुसले. कुबात म्हणाला, विंडोज नव्याने टाक. टाकलं. त्यात अख्खी संध्याकाळ गेली.

जेवायला वाढताना बुरुलने पुन्हा विषय काढला.

"भाऊजी, वेग तेवढा बत्तीसशेवर आणा. दोन मिनिटांचं काम आहे."

"अगं, मग पैसे काय कमी वेगासाठी घातले मी?" मिर्लानने भाकरी मोडली. "कुबात बघतोय ना. त्याचा मामेभाऊ या धंद्यात आहे."

"मामेभाऊ?"

"अल्माटीला असतो."

बुरुलने रश्श्याचं भांडं उचललं आणि आत नेलं.

तिला खरा राग याचा होता की यात अवघड काहीच नव्हतं. गुरुवारी कणीक मळताना तिने पिठाने पांढऱ्या झालेल्या पाटावर बोटाने आकडे लिहिले. छत्तीसशे, खाली अठरा. बत्तीसशे, खाली सोळा. मेमरीला काही विचारलं की उत्तराआधी ती किती ठोके थांबते, तो खालचा आकडा, म्हणजे टायमिंग. वेग मोठा तसे ठोकेही जास्त. भागाकार केला की दोन्हीकडे एकच उत्तर यायचं: दहा नॅनोसेकंद. म्हणजे मोठ्या आकड्याची पट्टी उत्तराला लवकर येत नव्हती. फक्त खोक्यावर आकडा मोठा होता. तिने उत्तराखाली रेघ ओढली, मग हाताच्या एका फटकाऱ्यात सगळं पुसून टाकलं.

बाहेरच्या खोलीत हेडफोन भिंतीवर आपटल्याचा आवाज आला.

"आता विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही," ती कणकेला म्हणाली आणि गोळा पाटावर आपटला.

शुक्रवारी कुबातने पट्ट्यांचं व्होल्टेज वाढवायला सांगितलं. मिर्लानने वाढवलं. संगणक तासभर नीट चालला आणि मिर्लानने अंगणात येऊन शीळ घातली. बुरुल दोरीवर कपडे वाळत घालत होती. गारठ्याने ते हातातच ताठ होत होते. तिला ठाऊक होतं की एक तास म्हणजे काहीच नाही. तिने चिमटा लावला आणि पुढचा शर्ट उचलला.

शनिवारी दुपारी बारा वाजता लढत सुरू झाली. आपाने गालिचा आवरून बाजूला ठेवला नव्हता, पण टाकेही घालत नव्हती. बुरुल बोर्सोकची, तळलेल्या कणकेच्या तुकड्यांची, परात घेऊन आली आणि त्याच वेळी पडदा निळा झाला.

"नाही," मिर्लान म्हणाला. "नाही, नाही, नाही."

फोनच्या स्पीकरवरून कुबात ओरडला, "कुठे गेलास? अरे मेलास तिथे उभ्या उभ्या!"

"बंद पडला!"

"आत्ता? दहा मिनिटांची थांबवणूक घेतोय. एकदाच मिळते. लवकर कर!"

संगणक पुन्हा सुरू झाला, खेळापर्यंत पोचला आणि पुन्हा निळा. मिर्लानने मेजाला लाथ घातली. पियाला आडवा झाला, चहा कॅलेंडरापर्यंत उडाला.

बुरुलने या क्षणाची चार दिवस वाट पाहिली होती. आता तो आला होता आणि तिला फक्त मिर्लानचे हात दिसत होते. कळफलकावर कोणतं बटण दाबायचं ते त्यांना सुचत नव्हतं.

तिने परात जमिनीवर ठेवली.

"उठा," ती म्हणाली.

तो उठला.

ती खुर्चीच्या टोकावर बसली. संगणक सुरू होताहोताच एक बटण टिचक्यांसारखं दाबत राहिली, आणि सेटिंगचा करडा पडदा उघडला. छत्तीसशेचा वेग आपोआप लावणारी, पट्ट्यांवरची तयार प्रोफाइल तिने बंद केली. कुबातच्या सांगण्यावरून वाढवलेलं व्होल्टेज खाली आणलं. वेग बत्तीसशे. मग टायमिंगचे आकडे हाताने: अठरा, वीस, वीस, चाळीस. थोडे सैलच, चौघींना पुरतील असे. तिच्या बोटांना पीठ होतं. बटणांवर पांढरे ठसे उमटले.

"वेग कमी केलास?" मिर्लानने मागून विचारलं.

"हो."

"मग या नव्या घेऊन उपयोग काय?"

"जागा दुप्पट झाली की. बसा."

खेळ उघडला. एक मिनिट गेलं, दोन गेली. पडदा तसाच राहिला.

"चाललं का रे?" कुबात ओरडला. "काय केलंस?"

मिर्लानने हेडफोन उचलून कानाला लावला.

"चाललं. सेटिंग बदललं," तो म्हणाला.

बुरुलने परात उचलली आणि ती स्वयंपाकघरात गेली. नळ सोडून हात धुतले. धुऊन झाले तरी धूत राहिली.

मागून आपा आली. तिने नळ बंद केला आणि स्टुलावर बसली.

"मंगळवारीच सांगितलं होतंस तू त्याला," आपा म्हणाली.

बुरुल वळली.

"तुम्ही ऐकलं होतं?"

"कान शाबूत आहेत माझे अजून."

"मग त्याला म्हणाला का नाहीत काही?"

"वाटलं, तू परत सांगशील."

"बुधवारी परत सांगितलं."

"हो," आपा म्हणाली. "तेही ऐकलं."

बाहेर मिर्लान मोठमोठ्याने कुणाला तरी डावीकडून ये म्हणून सांगत होता. आपा आपल्या बोटाकडे बघत राहिली. सुई टोचून टोचून ते टोकाशी निबर झालं होतं.

"सवय," ती म्हणाली. "या घरात आले तेव्हा मलाही हेच जमलं. एकदा सांगायचं, ऐकलं नाही की गप्प बसायचं. मग त्यांचं चुकलं की मनातल्या मनात हसायचं. पंचेचाळीस वर्षं हसले मी."

"बरं वाटतं का त्याने?"

आपाने विचार केला.

"पहिली दोनतीन वर्षं वाटतं."

बुरुलने पदराएवढ्या फडक्याला हात पुसले. एक एक बोट वेगळं पुसलं. काही बोलावं असं तिला वाटलं, पण जे तोंडात येत होतं ते सासूला बोलण्यासारखं नव्हतं, आणि आपाला ते कळत असावं, कारण ती उठून गेली नाही. ऐकायला बसावं तशी बसून राहिली.

बाहेरचा आरडाओरडा थांबला. पहिला डाव संपला असावा. जिंकले की हरले, ते आवाजावरून कळत नव्हतं.

"वहिनी!"

बुरुलने फडकं खाली ठेवलं आणि दाराकडे वळली. आपाने तिची बाही धरली.

"बस."

"हाक मारताहेत."

"ऐकलं मी. दुसऱ्यांदा मारू दे."

बुरुल उभीच राहिली. बाही अजून आपाच्या मुठीत होती. दुसरी हाक आलीच नाही. मग खुर्ची मागे सरकली, आणि पावलं स्वयंपाकघराकडे येऊ लागली.