रंग उतरलेलं पाणी

ममताने टाकीच्या तोटीखाली काचेचा ग्लास धरला, भरला, उन्हाकडे उचलला आणि ओतून दिला. सकाळपासून तिचं हेच चाललं होतं. पाणी नितळ होतं, ग्लासातून पलीकडची निंबाची फांदी जशीच्या तशी दिसत होती, तरी तिचा हात स्वस्थ बसत नव्हता.

"अवं, किती डाव पायशील?" शेडचे मालक देवरावभाऊ दारातून ओरडले. "नजर लागन पाण्याले. दुपारी तपासणीले सायेब येतीन, तवा दाखव."

महागावजवळच्या त्यांच्या या शेडमध्ये सतरंज्यांचं सूत रंगत असे. रंगाचं पाणी आधी तसंच नाल्यात जाई. लाल, जांभळं, ज्या दिवशी जो रंग असेल तसं. मग सरकारी नोटीस आली: पाणी साफ करा, नाहीतर शेडला कुलूप. शेडमध्ये रंगांची मापं बघणारी, रसायनशास्त्र शिकलेली ममता कामाला लागली. साखर कारखान्याच्या बॉयलरमधून निघणारी, उकिरड्यावर पडून राहणारी काळी राख तिने ट्रॉली भरून आणवली, धुतली, वाळवली आणि टाकीत तिचे थर दिले. राखेने रंग धरून ठेवला. परवा पहिल्यांदा खालच्या तोटीतून बिनरंगाचं पाणी आलं, तेव्हा आनंदाच्या भरात ममताने शेजारच्या बंजारा तांड्यातल्या बायांसमोर त्याच पाण्याने तोंड धुतलं होतं. बाया टाळ्या वाजवत हसल्या होत्या.

ग्लास कठड्यावर ठेवून ती नाल्याकडे उतरली. पाणी कुठवर पोचतंय, तेवढं बघायचं होतं.

वळणावर तांड्यातली भुरीबाई वाळूत गुडघाभर खोल झिरा खोदून बसली होती. वाटीने पाणी उपसून पदरातून गाळत घागरीत ओतत होती. घागर जवळपास भरली होती.

"याडी, हे काय करून राह्यली?" तांड्यातली पोरं भुरीबाईला आईसारखं याडी म्हणत; ममताही तेच म्हणे.

"दिसत नाई काय? टँकर येऊन नाई राह्यला. तुया राखेनं बरं केलं, पोरी."

"पिऊ नको हे. रंग गेला, पण सुतावर रंग बसावा म्हणून आमी मीठ टाकतो, सोडा टाकतो. ते राखेत अडकत नाई. सारं यातच हाय."

"लाल होतं तवा पिऊ नको. आता पांढरं झालं तरी पिऊ नको?" भुरीबाई हसली. "मंग तू कायले तोंड धुतलं यानं? साऱ्या बायांनी पायलं."

ममता तिच्याशेजारी वाळूत उकिडवी बसली.

"चव तरी घेऊन पाय, याडी."

"मचूळ लागते. उन्हाळ्यात झिऱ्याचं पाणी मचूळच रायते." तिने वाटी पुन्हा बुडवली. "प्रेमचं पोट बिघडलं, ते उन्हानं."

प्रेम तिचा नातू. अजून नीट बोलतही नव्हता.

"कवापासून?"

"कालपासून."

ममताने घागरीच्या गळ्याला हात घातला. भुरीबाईने तो झटकला. पाऊलवाटेवरून आणखी बाया रिकाम्या घागरी घेऊन उतरत होत्या.

ममता धापा टाकत वर शेडकडे आली.

"भाऊ, बाया पाणी भरून राह्यल्या. प्यासाठी."

देवरावभाऊंनी नाल्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. "सायेब जाऊ दे. मंग पाटी लावू."

"पाटी वाचन कोण? अन् पोरगं आताच बिमार हाय."

"मंग मी काय करू? ह्या शेडवर किती घरं चालतात? तुयं बी त्यातच हाय ना?"

होतं. ममता टाकीभोवती दोन फेऱ्या मारून आली. तोटी बंद केली, पुन्हा उघडली. वाळूत आधीच मुरलेलं पाणी झिऱ्याला दिवसभर पुरणार होतं. तोटी बंद करून ते थांबणार नव्हतं आणि सांगून बाया थांबणार नव्हत्या.

ती शेडमध्ये गेली. लाल रंगाच्या डब्याचं झाकण उघडलं. हातमोजे खिळ्याला तसेच लटकत राहिले.

तोटीखालच्या चरात तिने मूठ उघडली.

आधी पाण्यात नुसता लाल धागा सुटला. मग तो पसरला आणि वाळूवरून भडक लाल ओघळ खाली सरकू लागला. वळणावर बायांची ओरड उठली. एकीने घागर उपडी केली. दुसरीने वर बघत, घरादारातलं कुणी न सोडता, ममताला शिव्या घातल्या.

"अवं, काय केलं हे!" देवरावभाऊ धावत आले. रस्त्यावर जीपचा धुरळा दिसत होता. "हात धू! आधी हात धू!"

ममताने हात धुतले नाहीत. ती खाली बघत होती.

भुरीबाईची घागर काठोकाठ भरलेली होती, आणि त्यातलं पाणी नितळच होतं. भुरीबाईने झिऱ्याकडे पाहिलं. घागरीत पाहिलं. मग मान वर करून ममताच्या लाल हातांकडे बराच वेळ बघत राहिली.

वर जीप थांबली. दार उघडल्याचा आवाज आला.

भुरीबाईने घागर हळूच वाळूवर कलती केली.